तुर्कस्तानातील एक निवडणूक

पवित्र शास्त्राच्या तासाला तार्स, इफिस, स्मुर्णा आणि गलतिया ही नावे ज्यांच्या कानांवरून गेली आहेत, त्या आमच्या विद्यार्थ्यांस तुर्कस्तान हा देश सर्वस्वी परका वाटू नये. प्रेषित पौलाचे जन्मगाव तार्स आज तुर्कस्तानच्या दक्षिणेस आहे. स्मुर्णा म्हणजे आजचे इझमीर. आणि ज्या गलतीकरांस पौलाने कानउघाडणीचे पत्र लिहिले, त्यांच्याच नावाच्या रोमन प्रांताचे मुख्य शहर ते आजची राजधानी अंकारा होय. परंतु पौलाच्या काळातून एकदम केमाल पाशाच्या काळात उडी मारावयाची आणि तेथेच थांबावयाचे, अशी आपल्याकडील वाचनाची रीत पडली आहे. सुलतान गेला, खलिफा गेला, लाल टोपी गेली, १९२८ साली अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. पुढे १९३८ साली अतातुर्क वारले की पुस्तकातील प्रकरण संपते. इतिहास शिकविणाऱ्या माणसास अशी अर्धवट टाकलेली प्रकरणे बेचैन करतात. म्हणून पुढचे वाचावयास घेतले, आणि वाचता वाचता असे वाटू लागले की, त्या देशाच्या अर्वाचीन इतिहासातील सर्वांत विलक्षण दिवस अतातुर्कांच्या हयातीतला नाहीच. तो दिवस म्हणजे रविवार, १४ मे १९५०. त्या दिवशी सत्तावीस वर्षे अखंड राज्य करणारा पक्ष मतपेटीत हरला; आणि हरल्यावर त्याने राज्य सोडले.

या वाक्याचा उत्तरार्ध घाईने वाचू नये. पक्ष हरणे ही गोष्ट जनतेच्या हातची असते. राज्य सोडणे ही गोष्ट मात्र ज्याच्या हाती सैन्य, पोलीस, खजिना आणि तुरुंगाच्या किल्ल्या आहेत त्याच्या हातची असते.

तुर्की प्रजासत्ताक १९२३ साली स्थापन झाले, आणि त्याच वर्षी केमाल पाशांचा रिपब्लिकन लोकपक्षही उभा राहिला. त्या पक्षाखेरीज दुसरा पक्ष काढण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. १९२४ साली एक पक्ष निघाला. तो पुढल्याच वर्षी बंद करण्यात आला. १९३० साली खुद्द अतातुर्कांनी आपले जुने स्नेही फेथी बे यांस विरोधी पक्ष काढावयास सांगितले. सरकारच्या आज्ञेने निघालेला विरोधी पक्ष, ही कल्पनाच मुळी हसू आणणारी! परंतु फेथी बे इझमीरला गेले तेव्हा लोकांची अशी काही रीघ लागली की, सरकारचे हसू मावळले. तीन महिने झाले न झाले तोच तो पक्ष आपल्याच हाताने विसर्जित झाला. त्यानंतर पंधरा वर्षे निवडणुका ठरल्या वेळी होत राहिल्या, पण त्यांत निवड अशी नव्हती. सामान्य मतदाराने आपल्या वतीने एक ‘दुसरा मतदार’ निवडावयाचा, आणि या दुसऱ्या मतदारांनी पक्षाने दिलेल्या यादीतील नावे प्रतिनिधी म्हणून मान्य करावयाची, असा तो दुहेरी व्यवहार होता. एक गोष्ट मात्र त्या राजवटीच्या पदरात टाकलीच पाहिजे. डिसेंबर १९३४ मध्ये तुर्की स्त्रियांस राष्ट्रसभेसाठी मत देण्याचा व उभे राहण्याचा अधिकार मिळाला. फ्रान्ससारख्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशातील स्त्रियांस तो १९४४ पर्यंत नव्हता. आमच्या विद्यार्थिनींनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

अतातुर्कांच्या मागून इस्मत इनोनू अध्यक्ष झाले. इनोनू हे त्यांचे जन्मनाव नव्हे. १९२१ साली ग्रीक सैन्यास ज्या ठिकाणी त्यांनी दोनदा थोपविले त्या गावाचे हे नाव. १९३४ साली प्रत्येक तुर्काने आडनाव घ्यावे असा कायदा झाला, तेव्हा अतातुर्कांनी ते त्यांस दिले. मनुष्य ठेंगणा, कानांनी कमी ऐकणारा, सावध, हिशेबी. दुसऱ्या महायुद्धात एकीकडून हिटलर, दुसरीकडून रशिया, तिसरीकडून चर्चिल यांनी ओढाताण केली असताही त्यांनी आपला देश जवळजवळ अखेरपर्यंत युद्धाबाहेर ठेवला. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ते नाममात्र, संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत जागा मिळावी म्हणून.

परंतु युद्ध टळले तरी युद्धाचा जाच टळला नव्हता. लाखो तरुण सैन्यात अडकून पडले होते; शहरांत पाव शिध्याने मिळत होता; खेड्यांत शेतकऱ्याच्या पिकातील वाटा करादाखल सरकार घेऊन जात होते, आणि तो गोळा करण्यास येणारा शिपाई गावास यमदूतासारखा वाटत होता. १९४२ साली ‘संपत्ती-कर’ म्हणून एक कर बसविण्यात आला. कागदावर तो सर्वांसाठी होता. प्रत्यक्षात ग्रीक, आर्मेनियन आणि यहुदी व्यापाऱ्यांवर त्याची आकारणी इतकी जबर झाली की, अनेकांची दुकाने लिलावात गेली, आणि ज्यांस भरता आला नाही त्यांस पूर्वेकडील अश्काले येथील बर्फात मजुरीला धाडण्यात आले. इनोनूंची पुढे मी जी स्तुती करणार आहे ती वाचताना हा बर्फ वाचकांनी विसरू नये. मीही विसरलेलो नाही.

१९४५ सालच्या जून महिन्यात सत्ताधारी पक्षातीलच चार सभासदांनी एक लेखी निवेदन दिले. राज्यघटनेत जे स्वातंत्र्य लिहिले आहे ते अंमलात आणा, एवढीच मागणी. हे चौघे म्हणजे जलाल बायार, अदनान मेंदेरेस, फुआत कोप्रुलू आणि रेफिक कोराल्तान. निवेदन फेटाळले गेले, परंतु सात महिन्यांनी, ७ जानेवारी १९४६ रोजी, याच चौघांनी डेमोक्रॅट पक्ष स्थापन केला.

यांपैकी दोघांविषयी थोडे आडवळण घ्यावेसे वाटते. जलाल बायार हे अतातुर्कांचे अखेरचे मुख्य प्रधान. त्यापूर्वी, १९२४ साली, तुर्कस्तानात ‘इश बँक’ निघाली तिचे ते पहिले व्यवस्थापक होते. या बँकेच्या भांडवलात मुंबईचा हात आहे हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? खिलाफतीच्या चळवळीत हिंदुस्थानातील मुसलमानांनी दिलेल्या देणग्या मुंबईच्या केंद्रीय खिलाफत समितीमार्फत अंकारास केमाल पाशांकडे गेल्या होत्या. खिलाफत तर केमाल पाशांनीच रद्द केली. पण शिल्लक राहिलेल्या रकमेतून बँकेचे आरंभीचे भांडवल उभे राहिले. म्हणजे आपल्याकडील गल्लीबोळांतून ज्या कार्यासाठी पैसा जमला, ते कार्य बुडाले आणि त्या पैशाची बँक झाली! दुसरे अदनान मेंदेरेस. हे आयदिन प्रांतातील मोठे जमीनदार. शिक्षण इझमीरच्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या कॉलेजात, म्हणजे आमच्यासारख्याच शाळेतले विद्यार्थी. त्यांनी आडनाव घेतले ते आपल्या प्रांतातील नदीचे. ही नदी इतकी वाकडीतिकडी वाहते की, तिच्या ग्रीक नावावरून इंग्रजी भाषेत वळणे घेत जाण्यास शब्दच तयार झाला आहे. असो, आपणही मूळ प्रवाहाकडे वळू.

नवा पक्ष निघताच सरकारने १९४७ साली व्हावयाची निवडणूक एक वर्ष अलीकडे ओढली, जेणेकरून विरोधकांस गावोगावी पाय रोवण्यास अवधी मिळू नये. २१ जुलै १९४६ रोजी मतदान झाले. ‘दुसरा मतदार’ या वेळी नव्हता. लोकांनी प्रथमच थेट प्रतिनिधी निवडले. पण नियम असा होता की, मत द्यावयाचे ते उघड, आणि मोजावयाचे ते गुप्तपणे! शिवाय मोजून झाल्यावर मतपत्रिका जाळून टाकावयाच्या, म्हणजे तक्रार करणाऱ्यापाशी पुरावा म्हणून राखेखेरीज काही उरू नये. ४६५ जागांपैकी डेमोक्रॅटांस साठ-पासष्ट जागा मिळाल्या. खऱ्या किती मिळाल्या असत्या हे त्या राखेसच ठाऊक.

उघड मतदानाचा अर्थ मुलांस समजावून सांगण्यास तुर्कस्तानात जाण्याचे कारण नाही. पूर्वी आमच्या वर्गांत वर्गनायकाची निवड हात वर करून होत असे. नाव पुकारले की प्रथम मागच्या बाकावरील दोन दांडग्या मुलांचे हात वर जात. मग बाकीची मुले मान वळवून त्या हातांकडे पाहत, आणि मग एक एक हात वर येई. पुढे चिठ्ठ्या आल्या. पहिल्याच वर्षी एक अबोल, चष्मा लावणारा मुलगा निवडून आला आणि मागचे बाक थक्क झाले. शिक्षक या नात्याने सरकारी निवडणुकीत मतदान केंद्रावर कामाची पाळी मला अनेकदा आली आहे. आमच्याच शाळेच्या खोल्यांत ते केंद्र असते. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा एक आडोसा, एवढीच काय ती सामग्री. पण ज्या मालकाच्या मोटारीतून मजूर आलेला असतो तो मालक त्या पुठ्ठ्यापलीकडे जाऊ शकत नाही. मजूर आत जातो तेव्हा तो कोणाचाच नोकर नसतो. पंधरा-वीस सेकंदांचा मामला! तेवढ्या सेकंदांसाठी तुर्की जनतेस आणखी चार वर्षे थांबावे लागले.

त्या चार वर्षांत जे घडले ते माझ्या मते १४ मेच्या दिवसाइतकेच महत्त्वाचे आहे, जरी त्यात गाजावाजा काहीच नव्हता. पंतप्रधान रेजेप पेकर हे विरोधकांस चिरडून टाकावे या मताचे होते. विरोधक सभागृह सोडून जाण्याच्या गोष्टी बोलू लागले होते. इनोनूंनी दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेतले आणि १२ जुलै १९४७ रोजी एक जाहीरनामा काढला. राष्ट्राच्या अध्यक्षास दोन्ही पक्ष सारखे आहेत, आणि सरकारी अधिकाऱ्यांनीही दोहोंस सारखेच वागविले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. दोन महिन्यांनी पेकर यांनी राजीनामा दिला. पुढे फेब्रुवारी १९५० मध्ये निवडणुकीचा नवा कायदा झाला, आणि त्याने १९४६ ची रीत शब्दशः उलटी केली: मत गुप्त, मोजणी उघड. देखरेख अंमलदारांची नव्हे, न्यायाधीशांची. हा कायदा ज्या सभागृहाने केला त्यात बहुमत सत्ताधारी पक्षाचे होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्याला पाडू शकेल असे हत्यार त्यांनी स्वतःच्या हातांनी घडविले.

हे सारे अमेरिकेस खूश करण्यासाठी केले, असे काही टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. रशियाने सामुद्रधुन्यांवर डोळा ठेवला होता, तुर्कस्तानास अमेरिकेचा आधार हवा होता, आणि एकपक्षी राज्य ही त्या काळी पश्चिमेस दाखविण्याजोगी वस्तू राहिली नव्हती. तथापि अमेरिकेचा आधार घेऊनही निवडणुका खोट्या करणारी राज्ये जगात थोडी झाली नाहीत. बाहेरचे दडपण मनुष्यास दरवाजापर्यंत आणते. उंबरठा त्याचा त्यालाच ओलांडावा लागतो.

डेमोक्रॅटांचे भित्तिचित्र त्या निवडणुकीत फार गाजले. समोर उभारलेला एक पंजा, ‘थांबा’ म्हणून सांगणारा, आणि शब्द एवढेच: पुरे! आता बोलेल ते राष्ट्र. ज्यांस चार अक्षरे वाचता येत नव्हती त्यांसही तो पंजा वाचता येत होता. सुमारे ८९ लाख मतदार होते, आणि त्यांपैकी शेकडा ८९ मत द्यावयास आले. विचार करावा: मे महिना, शेतीचे दिवस, डोंगराळ मुलूख, रस्ते बेताचे. तरीही दहांतील नऊ जण आले.

निकालात डेमोक्रॅटांस शेकडा ५३ च्या आसपास, तर रिपब्लिकनांस शेकडा ४० च्या आसपास मते पडली. फरक मोठा, पण अफाट नव्हे. जागा मात्र ४८७ पैकी डेमोक्रॅटांस चारशेहून अधिक आणि रिपब्लिकनांस अवघ्या ६९. कारण असे की, ज्या प्रांतात ज्या पक्षाची यादी पुढे, त्या प्रांतातील झाडून साऱ्या जागा त्या पक्षाच्या, असा नियम होता. हा नियम जुन्या सरकारनेच ठेवलेला. आपणच पुढे असू या भरवशावर ठेवलेला दिसतो. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण अवश्य करून पाहावे: शेकडा ४० मतांस शेकडा १४ जागा कशा मिळतात?

इनोनू स्वतः मलात्या प्रांतातून निवडून आले, पण अध्यक्षपद गेले. २२ मे रोजी नव्या राष्ट्रसभेने बायार यांस अध्यक्ष निवडले. मेंदेरेस पंतप्रधान झाले. साडेअकरा वर्षे अध्यक्षांच्या प्रासादात राहिलेला, पासष्ट वर्षांचा, लढाया जिंकलेला तो मनुष्य आपले सामान आवरून अंकारातीलच आपल्या खासगी घरी राहावयास गेला. लोक त्या घरास ‘गुलाबी वाडा’ म्हणतात. आणि पुढे राष्ट्रसभेत विरोधी पक्षाच्या बाकावर बसून तो विरोधी पक्षाचे काम करू लागला. १९२१ सालच्या लढाईतील विजयाचे नाव त्यांनी जन्मभर मिरविले; मला विचाराल तर त्यांचा खरा पराक्रम हे सामान आवरणे होय. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षाच्या २६ जानेवारीस आपल्या देशाची राज्यघटना अंमलात आली होती, आणि आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक अद्याप व्हावयाची होती.

गोष्ट येथे संपविता आली असती तर फार गोड झाली असती. परंतु इतिहासास गोड करण्याची खोड नाही.

मेंदेरेस यांची पहिली वर्षे भरभराटीची गेली. रस्ते झाले, अमेरिकन मदतीने खेड्यांत ट्रॅक्टर आले, पिके चांगली आली. १९३२ पासून तुर्की भाषेत देण्याची सक्ती असलेली नमाजाची बांग जून १९५० मध्ये पुन्हा अरबीत देण्याची मोकळीक झाली, आणि भाविक खेडुतास आपला कोणी वाली आला असे वाटले. १९५४ साली त्यांस ५४१ पैकी पाचशेहून अधिक जागा मिळाल्या. आणि येथेच काहीतरी बिघडले. किर्शेहिर प्रांताने विरोधी पक्षाचे ओस्मान बोलुकबाशी यांस निवडून दिले, म्हणून सरकारने त्या प्रांताचा दर्जाच काढून घेतला व त्यास शेजारच्या नेव्शेहिरच्या हाताखालचा तालुका करून टाकले! मतदारांनी चुकीचे मत दिले म्हणून मतदारांस शिक्षा. तीन वर्षांनी तो दर्जा परत देण्यात आला, पण मनातील गाठ कशी सुटावी? १९५५ च्या सप्टेंबरात इस्तंबूलमध्ये जमावाने ग्रीकांची घरे, दुकाने व चर्चे फोडली, जाळली. वर्तमानपत्रकार तुरुंगात जाऊ लागले. १९५७ साली डेमोक्रॅटांची मते निम्म्याहून खाली आली, तरी त्या जुन्याच नियमाच्या कृपेने ६१० पैकी ४२४ जागा त्यांच्याच राहिल्या. ज्या नियमाने १९५० साली इनोनू बुडाले, त्यानेच आता मेंदेरेस यांस वास्तवाचे दर्शन होऊ दिले नाही. शेकडा ४८ मते असून सभागृहात चोहोकडे आपलीच माणसे दिसली, तर कोणास भ्रम होणार नाही?

१ मे १९५९ रोजी उशाक येथे वृद्ध इनोनूंच्या डोक्यावर दगड बसला. एप्रिल १९६० मध्ये विरोधी पक्षाची व वर्तमानपत्रांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमून तिला जबरदस्त अधिकार देण्यात आले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आणि २७ मे १९६० रोजी सैन्याने राज्य हाती घेतले.

यास्सिआदा नावाच्या बेटावर खटले चालले. बायार यांस फाशीची शिक्षा झाली होती, ती वयामुळे जन्मठेपेवर आली. दोन मंत्र्यांस १६ सप्टेंबर १९६१ रोजी, आणि मेंदेरेस यांस दुसऱ्या दिवशी इम्राली बेटावर फाशी देण्यात आले. ज्या मनुष्यास लोकांनी तीन वेळा निवडून दिले त्यास मतपेटीने नव्हे, दोराने घालविले. निवडणुकीची वाट पाहिली असती तर मेंदेरेस हरले असते काय? या प्रश्नाचे उत्तर सैन्याने तुर्की जनतेस देऊ दिले नाही, आणि माझ्या मते त्या सैनिकी न्यायाचा सर्वांत मोठा दोष हाच.

मेंदेरेस यांस फाशी देऊ नये म्हणून सेनापती गुर्सेल यांस पत्र लिहून विनविणाऱ्यांत इस्मत इनोनू होते. उशाकचा दगड विसरण्याजोगा नव्हता. तरी त्यांनी लिहिले. पत्राचा उपयोग झाला नाही. दोन महिन्यांनी, निवडणुका होऊन, तेच पंतप्रधान झाले. त्या निवडणुका मात्र मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या नव्या पद्धतीने झाल्या होत्या.

मेंदेरेस यांचे अवशेष १९९० साली बेटावरून इस्तंबूल येथे आणून सन्मानाने पुरण्यात आले, आणि इझमीरच्या विमानतळास त्यांचे नाव आहे. १४ मे ही तारीखही तुर्की लोक विसरले नाहीत. २०२३ सालची निवडणूक मुद्दाम त्याच दिवशी ठेवण्यात आली होती. बायार १९८६ सालापर्यंत, एकशे तीन वर्षांचे होईतो, जगले.

इनोनूंच्या नशिबी आणखी एक पराभव होता. १९७२ च्या मे महिन्यात त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी त्यांचा पक्ष न घेता बुलेन्त एजेवित या तरुण सहकाऱ्यास कौल दिला. हे एजेवित इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजचे, म्हणजे हेही अमेरिकन शाळेतले विद्यार्थी. संस्कृत व बंगाली शिकलेले आणि रवींद्रनाथांच्या कवितांचे तुर्की भाषांतर करणारे. इनोनू त्या वेळी सत्त्याऐंशी वर्षांचे होते, आणि तेहतीस वर्षे पक्षाचे अध्यक्ष. ८ मे रोजी त्यांनी राजीनामा लिहून दिला आणि ते पुन्हा गुलाबी वाड्यात गेले.